बंदराला कारभारी हवेत

माझा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. मी त्याच्या वाट्याचंही बोलून घेते. लहानपणी तो 'पा' म्हणाला की मी पाण्याचा पेला पुढे करायचे, मग त्याला पाटी हवी असली तरी. आई म्हणायची, अगं, बोलू दे की त्याला. पण मला मेलं धीर धरवतच नाही. नोकरीही तशीच मिळाली. दवाखान्यात नंबर लावायच्या खिडकीत बसते मी. पेशंटनं 'मला जरा' म्हटलं की 'पोटाचे डॉक्टर, दुसरा मजला, तिसरं दार' असं सांगून पुढच्याला हाक मारते. निम्म्या वेळा त्याचा दात दुखत असतो, ती गोष्ट वेगळी.

भाऊ चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मालकाचं, यंत्राशी बोलायचं त्याचं. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे एकाच घरात राहतो आणि भांडतो. म्हणजे मी भांडते, तो ऐकतो.

असा हा माणूस बारा वर्षं एक अख्खं बंदर चालवत होता म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. ऑनलाइन खेळ होता तो. चित्रं नाहीत, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. धक्का, गोदामं, गल्ल्या, सगळं लिहिलेलं. खेळायला येणारा कोळी व्हायचा, चोर व्हायचा, जहाजाचा कप्तान व्हायचा आणि 'मी दार ढकलतो' असं लिहायचा. दारामागे काय आहे ते भाऊ लिहायचा. तिथं त्याला वाटाड्या म्हणत. खेळ सांभाळणारे असे चौघे होते, त्यांचं नाव कारभारी. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. भाऊ जेवताना एकटाच हसायचा. विचारलं की सांगायचा, आज धक्क्यावर दोन चोरांनी एकमेकांचेच खिसे कापले. ते वाक्य मला पुरं करता यायचं नाही, कारण पुढे काय येणार हे मला ठाऊकच नसायचं.

सहा वर्षांपूर्वी चौघांपैकी एक कारभारी वारला. त्याच्या जागी एक नवशिका घेतला, त्यानं आठवड्याभरात सगळ्या खेळाडूंना राजा करून टाकलं. सगळेच राजे, मग मासे कोण पकडणार? भांडणं झाली, माणसं पांगली, बंदर बंद पडलं. तेव्हापासून भाऊ मिटतच गेला. दुकान, घर, जेवण, झोप. मला ते बघवत नव्हतं आणि करता काही येत नव्हतं.

यंदा एका जुन्या खेळाडूचं पत्र आलं. तो शाळामास्तर आहे. चाळीसेक जण परत यायला तयार आहेत, खेळ ज्यावर चालतो तो संगणक माझ्या घरी चालू ठेवतो, म्हणाला. अट एकच. कारभारी जुने आणि मुरलेले हवेत, आणि तिघं तरी हवेत. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर विषय संपला.

उरलेलेच होते तिघं. एक भाऊ. दुसरा बंदरातलं हवामान लिहायचा, त्यानं लगेच होकार कळवला. तिसऱ्या मावशी. सगळे त्यांना मावशीच म्हणत. खेळाडूंची भांडणं त्या मिटवायच्या, आणि त्या नसत्या तर बंदर आठ दिवस टिकलं नसतं असं भाऊ म्हणतो. त्यांचा ईमेल बंद होता. हाताशी फक्त एक जुना फोन नंबर. इथंच घोडं अडलं.

भाऊ फोन करत नाही. आयुष्यात केलेला नाही म्हटलं तरी चालेल. नंबराचा कागद तो टेबलावर नुसता डावीकडून उजवीकडे सरकवत बसला. पाच दिवस उरले तेव्हा माझा धीर सुटला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून घेतली आणि मीच फोन केला. एका दमात सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, माझा भाऊ बोलायला जरा लाजतो, म्हणून मी करतेय.

"वाटाड्या लाजतो?" पलीकडून आवाज आला. "बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. त्याला काही मागायचं असेल तर तो स्वतः मागेल."

फोन बंद. करायला गेले एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी त्याला सगळं सांगून टाकलं, लपवाछपवी मला जमत नाही. त्याचा चेहरा पडला. 'ताई' म्हणाला आणि पुढे अडला. 'ताई, तू कशाला केलास फोन, असंच ना?' मी म्हटलं. त्यानं ताट बाजूला सारलं आणि उठून गेला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर असा कधी रागावला नव्हता. कदाचित त्याला वेगळंच काही म्हणायचं असेल.

रविवारी सकाळी तो फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. मला खुर्ची दाखवली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. बस, पण चकार शब्द काढायचा नाही. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि नंबर लावला.

मावशींनी उचलला. कोण, म्हणाल्या.

भावानं तोंड उघडलं. मान ताठ झाली, डोळे मिटले. 'मी' बाहेर पडला आणि पुढचा शब्द अडकला. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट झालं. तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता, मी खुर्चीची कड धरून बसले. वाटलं, आता बाई राँग नंबर म्हणून ठेवणार. पण तिकडून हॅलो हॅलो नाही, उसासा नाही. नळ चालू होता, तो बंद केल्याचं तेवढं ऐकू आलं. दीड मिनिट झालं.

"वाटाड्या," भाऊ म्हणाला.

"केव्हाच ओळखलं," मावशी म्हणाल्या. "बंदरातही तू असाच होतास की. एका ओळीला पाच-पाच मिनिटं. माणसं धक्क्यावर ताटकळत उभी, पण तुझं लिहून होईस्तोवर कोणी बोट हलवायचं नाही, हा नियम मीच केला होता. तुझ्या ओळीसाठी थांबायला आवडायचं आम्हाला. बोल आता. मला कुठं जायचं नाहीये."

मी तोंड फिरवलं. परकी माणसं, बारा वर्षं, माझ्या भावासाठी थांबत होती. मी सख्खी बहीण, आणि मला एका शब्दाचा धीर नव्हता. रडू आलं, खरं सांगते. आवाज काढायची बंदी होती म्हणून तसंच गिळलं.

भाऊ बोलला. अकरा मिनिटं लागली. तुमच्याशिवाय बंदर उघडणार नाही, आणि मला तिथं परत जायचंय, इतकंच होतं ते सगळं. पण त्याचं त्यानं सांगितलं, शेवटपर्यंत. मावशी हो म्हणाल्या. डोळे अधू झालेत, आठवड्यातून दोनच दिवस जमेल, म्हणाल्या, तेव्हा नव्या खेळाडूंना उत्तरं द्यायला आणखी एखादं माणूस लागेल. मग त्यांनी विचारलं, परवा फोन केला त्या बाई कोण?

"ब... बहीण."

"जीभ चांगली चालते तिची, कामाला येईल. पण वाटाड्या, तिला थांबता येतं का?"

भावानं माझ्याकडे बघितलं. उत्तर मला ठाऊक होतं, आणि एरवी ते मीच देऊन मोकळी झाले असते. त्याचे ओठ हलायला लागले. मी बसून राहिले. घड्याळाकडेही बघितलं नाही.

"आ... आज थांबली," तो म्हणाला.