काकूंचे देव अजून पाण्यात

आज दुपारी शेजारच्या सुमनकाकूंकडे बसून इथल्या, अमेरिकेच्या संसदेतल्या एका समितीचं मतदान टीव्हीवर बघितलं. आरोग्य विम्याचा कायदा रद्द करायचा की नाही, यावर. काकांची केमो चालू आहे, आणि आजार असूनही त्यांना विमा मिळाला तो याच कायद्यामुळे.

काकूंनी सकाळीच देव पाण्यात ठेवले होते. शाळेतल्या हजेरीसारखी एकेक नाव पुकारलं गेलं. रद्द करा म्हणणारे जास्त निघाले.

"काढू का रे देव बाहेर?"

"काकू, ही नुसती समिती. सभागृहाचं मतदान अजून व्हायचंय."

"मग राहू देत." त्यांनी उठून पातेल्यातलं पाणी बदललं. "इथल्या नळाचं पाणी फार गार. कोमट घालते."

घरी आलो. दिवा लावण्याआधी संसदेतल्या आमच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन केला, कायदा रद्द करू नका म्हणून. सगळंच देवांवर टाकणं बरं वाटेना.

तुम्ही केलात का फोन?