रुळावरचं गाठोडं

रुळावर पडलेल्या वस्तूचं काय करायचं, हे मी पुढे वरच्या जागेवर गेल्यावर कितीतरी नव्या माणसांना शिकवलं. आधी प्रवाशाला खाली उडी मारू देऊ नका. गार्डला हात करा, इंजिन हलणार नाही याची खात्री करून घ्या, मगच आपला माणूस खाली वाकेल. वस्तू वर आली की नाव-गाव विचारा, आत काय आहे ते विचारा, वहीत लिहा, अंगठा घ्या आणि देऊन टाका. या "देऊन टाका"वर मी इतका जोर द्यायचो की माणसं माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करायची. करू द्यात. का ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपास मी सोलापूरहून दुधनीकडे जाणाऱ्या लायनीवर एका लहान स्टेशनात धाकटा मास्तर होतो. सोलापुरात शिकलेला, चार इंग्रजी वाक्यं तोंडपाठ, आणि अंगात नको तेवढा ताठा. महिनाभर आधी रुळावर पडलेली एक छत्री मी भलत्याच माणसाच्या हातात दिली होती. खरा मालक तक्रार घेऊन आला तेव्हा थोरल्या मास्तरांनी सगळ्या हमालांसमोर माझी खरडपट्टी काढली. "ज्याला छत्री सांभाळता येत नाही, तो गाड्या काय सांभाळणार?" हमाल हसले. तेव्हापासून सापडलेल्या वस्तूंची वही माझ्या काखेतून हलली नाही.

अशात एका सकाळी सोलापूरला जाणारी गाडी आली. आमच्याकडे इंजिन पाणी घेई, म्हणून गाडी दहा-बारा मिनिटं उभी राही. एक धनगराची बाई डब्यात चढत होती. पंचविशीची असेल. मागून रेटा आला आणि तिच्या डोईवरचं गाठोडं निसटून डब्याखाली रुळावर गेलं. ती तशीच खाली वाकायला निघाली. मी दंड धरून तिला मागे ओढलं. इथपर्यंत मी चुकलो नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येईल.

रुळांचे सांधे बदलणारा आमचा सांधेवाला म्हातारा होता आणि कामाला चोख. त्यानं गार्डला इशारा केला, आकडी लावलेला बांबू घातला आणि गाठोडं वर काढून माझ्या हातात दिलं. कपड्याला जरा वंगण लागलं होतं, बाकी काही झालं नव्हतं.

"माजंच हाय, सायेब. द्या की," ती म्हणाली.

"आत काय आहे?"

"दोन धोतरं, भाकरी, आन देवाचा भंडारा. आमच्या मालकाचा पाय सडलाय. सोलापूरच्या दवाखान्यात हायती. आज कापायचा म्हनत्यात. भंडारा कपाळाला लागल्याबिगर डाक्टरला हात लावू द्यायचे न्हाईत. त्यासाटीच गावाकडं आल्ते."

मी गाठोडं सोडून पाहिलं. धोतरं, भाकरी, पिवळ्या भंडाऱ्याची पुरचुंडी. सगळं जुळलं. तिनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी लिहून घेतलं. वहीत तेवढेच रकाने होते. तिथंच अंगठा घेऊन मी मोकळा व्हायला हवं होतं.

पण डब्याच्या खिडक्यांतून माणसं बघत होती, हमाल बघत होते. मी म्हणालो, "नवऱ्याचं नाव सांग."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही तिकडच्या बायकांची समजूत मला माहीत नव्हती असं नाही. माझ्या घरातही तीच होती.

"न्हाय घेत, सायेब. कुनालाबी इचारा."

"कुणाला विचारू? तुझ्या गावचं कोण आहे इथं?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कुणी नसावं. मग ती हळूच म्हणाली, "ज्या देवाचा भंडारा हाय, त्येचंच नाव हाय त्यांचं."

सांधेवाला पटकन म्हणाला, "कळलं की, मास्तर. लिवा." त्यालाही कळलं होतं, डब्यातल्या माणसांनाही, मलाही. त्या मुलखात धनगरांचा देव कोण, हे शेंबडं पोरही सांगेल.

"देव तेहतीस कोटी आहेत," मी म्हणालो, "त्यातला नेमका कुठला, ते वहीला कळायला हवं."

डबा खो खो हसला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! महिनाभर छत्रीवरून मला हसणारे हमाल आज दुसऱ्या कुणाला तरी हसत होते. या आनंदाची मला आज किळस येते, पण तेव्हा तो खराखुरा आनंद होता.

इंजिनानं शिट्टी दिली. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग पदर तोंडावर ओढला, डोळे मिटले आणि नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. आलं होतं.

तिनं मोठ्यानं घेतलं. डब्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिनं दोन्ही गालांवर हात मारून घेतले, अंगठा दिला, गाठोडं घेतलं आणि सुटलेल्या गाडीत कशीबशी चढली. मी तिच्या नावाशेजारी नवऱ्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. सांधेवाला बांबू उचलून माझ्याकडे न बघता निघून गेला.

दहा-बारा दिवसांनी दुपारच्या गाडीतून तिघं उतरली. पुढे एक म्हातारी, मागे तिचा धाकटा मुलगा, आणि त्यांच्यापासून चार हात अंतर ठेवून तीच बाई, मोकळ्या कपाळाची. काय झालं ते विचारायची गरज नव्हती. म्हातारी सरळ माझ्याकडे आली.

"पाय कापला आन तिसऱ्या दिशी माजा ल्योक गेला. त्या गाडीतली मानसं दवाखान्यात सांगत्यात, हिनं हितं फलाटावर त्येचं नाव घेतलं. ही न्हाई म्हनती. देवाची आन घिती. तू मास्तर हायस न्हवं? तू सांग. तुजं ऐकून मी हिला घरात घीन, न्हाईतर न्हाई."

ती बाई माझ्याकडे बघत होती. इतकं सरळ तिनं त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. सांधेवाला माझ्या पाठीशी येऊन पुटपुटला, "न्हाई म्हना, मास्तर. एक शबुद हाय, त्येला काय लागतंय?"

खरंच काही लागत नव्हतं. वही म्हातारीला वाचता येत नव्हती. पण मला दिसत होतं ते एवढंच, की भर फलाटावर एक अडाणी बाई माझी नोंद खोटी पाडते आहे, आणि हमाल पुन्हा गोळा होत आहेत. मी काखेतली वही उघडली. पान काढलं आणि वाचून दाखवलं: तिचं नाव, गाव, नवऱ्याचं नाव. "तिनंच सांगितलं," मी म्हणालो, "दोनदा. हा तिचा अंगठा."

म्हातारीनं त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग सुनेकडे वळून म्हणाली, "खाल्लास त्येला. आता आमच्या वाटंनं येऊ नगंस." मुलानं वहिनीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि दोघं फाटकातून निघून गेली.

ती रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. अर्धा तास झाला, तास झाला. सांधेवाल्यानं पाणी नेऊन दिलं, ते तिनं घेतलं नाही. मला तिच्यासमोरून जायचं अवघड वाटू लागलं होतं, आणि अवघड वाटलं की माणूस नियम काढतो. मी जवळ जाऊन म्हणालो, "गाडीतून उतरलेल्यानं फलाटावर बसून राहायचं नाही. ऊठ."

ती उठली. "कुटं जाऊ, सायेब?" तिनं विचारलं.

मी फाटकाकडे बोट दाखवलं आणि वही घेऊन आत गेलो.