मिलिंदचे तयार डबे

मिलिंद गेल्याचा फोन लोह्याहून त्याच्या वडिलांनी केला, तेव्हा मी आमच्या नांदेडच्या ऑफिसात, तो कामावर आला नाही म्हणून त्याच्याच नावानं बोटं मोडत बसले होते. "कुठं उलथलाय हा?" असं शेजारच्याला विचारतच फोन उचलला... आणि काका म्हणाले, "बेटा, मिलिंद ऱ्हायला न्हाई. झोपेतच गेला."

त्याचं काम सांगायला सोपं. डेटाबेसचं सॉफ्टवेअर तपासायचं तर आधी मशीनवर बसवा, जुळवा. अर्धा दिवस मातीत. मिलिंद ते सगळं आयतं करून इंटरनेटवर स्वतःच्या पानावर ठेवायचा. कंटेनरच्या इमेज म्हणतात त्याला, आम्ही डबेच म्हणायचो. घ्या, चालू करा, तपासा, फेकून द्या. जगभरचे लोक न्यायचे, फुकट. मी चिडायचे, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून तुला काय मिळतं रे?" "नाव ऱ्हातंय की, यडे!" डब्यावरचं नाव काढू नका, एवढीच त्याची अट. काका तर लोह्यात ज्याला त्याला सांगायचे, पोराचं नाव परदेशात चालून राहिलंय.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी त्याच्या पानावर कुणा परक्यानं विचारलं, 'नवी आवृत्ती का नाही? काम मेलं की काय?' मी लिहिलं, काम नाही, माणूस मेला. लगेच उत्तर, 'वाईट वाटलं. या पानाचा पासवर्ड कुणाकडे आहे?' आग लागो त्या तोंडाला! पासवर्ड माझ्याकडे नव्हताच. मग त्यानं सगळे डबे उचलून स्वतःच्या पानावर नेले आणि मिलिंदचं नाव पुसलं. मी भांडले. तो शांतपणे म्हणाला, 'जो उत्तर देऊ शकत नाही, त्याचं नाव ठेवलं तर लोक गोंधळतात.' लोकही निमूट तिकडं गेले. एकालाही काही वाटलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

गेल्या रविवारी लोह्याला गेले. काकांनी मिलिंदच्या टेबलावरचा लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "अजून नेतात का गं लोक?"

"हाव काका, लई नेतात. दुसऱ्या पानावरून..." तोंडातून निसटलंच.

"मग ते दाखव की."

उघडावं लागलं. काकांनी चष्मा लावला. इंग्रजी ते अडखळत वाचतात, पण पोराचं नाव लांबूनही ओळखतात. बोट पडद्यावर टेकवून एकेक ओळ उतरू लागले.

"खाली असंल, बेटा... आणखी खाली घे."

मी पान खाली सरकवत राहिले.