सलमानं काय उत्तर दिलं

युनूसभाईंचा फोन आला तेव्हा मी कांद्याला पाणी देत होतो. "मास्तर, तुमची भाभी गेली," ते म्हणाले. "वाचनालयाची किल्ली माझ्याकडं हाय. कुणाला द्यायची?" मी पाणी तसंच सोडून धावलो. परत आलो तर शेजाऱ्याच्या मेथीत तळं. भाभींना हे सांगता आलं असतं, तर त्या पोट धरून हसल्या असत्या.

न्हावऱ्यातलं आमचं वाचनालय युनूसभाईंची बायको, सलमाभाभी चालवत. मी शाळेतला मराठीचा मास्तर. निवृत्त झालो, पण शिकवायची खोड राहिली. एका दुपारी त्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या आणि मी त्यांना त्यांचंच नाव शिकवायला बसलो. म्हटलं, भाभी, जुने अरबी कवी कवितेच्या सुरुवातीलाच सलमाला हाक मारत. तिचा तांडा उठून गेलेला, चुलीच्या राखेवर वारा फिरतोय आणि कवी उंटावर बसून रडतोय…

भाभींनी बोटाचा डिंक पुसला. "मग ती काय म्हणली?"

"कोण?"

"सलमा. त्यो एवढा रडला, ती कायतरी बोलली आसंल की."

आता 'माहीत नाही' असं मी उभ्या नोकरीत कधी म्हटलं नव्हतं. "उत्तर आहे ना. शोधून आणतो," म्हणून बसलो. मग दर आठवड्याला त्यांची विचारणा, "घावली का सलमा?" मी दौंडपासून शिरूरपर्यंतची वाचनालयं पालथी घातली. कवी भेटले, उंट भेटले, बोलणारी सलमा काही भेटेना. शेवटी घरीच बसून बारा ओळी लिहिल्या, खाली 'अरबीवरून' असं ठोकून दिलं आणि कागद भाभींना नेऊन दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला वाचते."

वर्धापनदिनाचे पाहुणे निघाले केडगावचे एक प्राध्यापक, अरबी जाणणारे. सगळ्या गावासमोर माझी अब्रू जाणार हे नक्की. त्या सकाळी मला ताप आला, म्हणजे मी आणला. तोंडावर गोधडी घेऊन पडलो, तर भाभी दारात.

"मास्तर, उठा. अरबस्तानात कांद्याची चाळ आसती व्हय?"

तिसऱ्याच ओळीत माझी सलमा चाळीतला कांदा निवडत होती. मी गोधडीतूनच विचारलं, "कधी कळलं?"

"पैल्याच दिशी. पर तुमी एवढं झटला, म्हटलं ऱ्हाऊ द्या. आता त्ये 'अरबीवरून' खोडा आन् आपलं नाव टाका. लाजायचं काय त्यात?"

त्यांच्यासमोर खोडलं, सही केली. संध्याकाळी त्या माइकपुढं उभ्या राहिल्या. "हे आमच्या मास्तरांनी लिवलंय. अरबी-बिरबी काय न्हाई." सगळ्यांत आधी प्राध्यापकच हसले. अकरा ओळी वाचून भाभी थांबल्या. "बाराव्या वळीत सलमा रडली, असं मास्तरांचं म्हणणं हाय. ती वळ म्या गाळलीया. तिला काम व्हतं." आयुष्यात माझ्या कवितेला टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच, आणि त्याही गाळलेल्या ओळीला.

तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, शेवटची ओळ जाड रेघेनं खोडलेली. युनूसभाई मला देत होते, मी घेतला नाही. किल्ली आता त्यांच्या सुनेकडं असते. पुस्तक बदलायला आलेल्या बायका वाकून कविता वाचतात आणि खोडलेल्या ओळीपाशी येऊन हसतात. परवा पाहिलं तर कुणीतरी काच उचलून त्या रेघेखाली पेन्सिलीनं लिहिलेलं, 'येते म्हणाव. पर उंट भायेर बांधा.'

शुद्धलेखन सुधारायला मी खिशातून पेन काढलं… आणि तसंच परत ठेवलं.