मेण लावलेलं सूत

आयुष्यात मी एकदाच मिस्त्रीगिरी केली आणि तेवढ्यात नवऱ्याचा गुडघा घालवला. तेव्हा माझं वय एकवीस होतं आणि अक्कल त्याच्या दुप्पट. निदान मला तसं वाटायचं.

आम्ही अमडापूरला राहत होतो. हे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. खेड्यापाड्यांत जनावरांना टोचायला जावं लागे, म्हणून यांनी एका ठेकेदाराची जुनी मोटारसायकल घेतली होती. ब्रेक दाबला की मागं लाल दिवा लागायला हवा, तो लागत नव्हता. एकदा हे रस्त्यात एकाएकी थांबले आणि मागचा ट्रक अगदी हातभर अंतरावर येऊन थांबला. जेवताना यांनी ते हसत हसत सांगितलं. माझा घास तोंडातच राहिला.

मिस्त्रीनं पाहिलं. ब्रेकच्या पायट्यापासून दिव्याच्या बटनापर्यंत एक बारीक स्प्रिंग असते, ती तुटली होती. पायटा दाबला की ती बटन ओढते आणि दिवा लागतो. "अकोल्याहून आणा लागते," तो म्हणाला. "आठ रोज तरी लागतीन."

आठ रोज! आणि तोवर ट्रकवाले काय झोपा काढणार होते?

वटपौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. वडाला गुंडाळून उरलेलं सूत पूजेच्या ताटात पडलेलं होतं. हे दुपारी वामकुक्षी घेत होते. मी सात जन्मांचे सात पदर घेतले, मग कमी वाटले म्हणून दुमडून चौदा केले, पीळ दिला आणि गोधडी शिवताना दोऱ्याला चोळतात तसं मेण चोळलं. माझ्या टाक्याचं सासूबाई गावभर कौतुक करायच्या, त्यामुळे आपला हात चुकेल हे मनात येणंच शक्य नव्हतं. बटनापासून पायट्यापर्यंत सूत ताणून बांधलं, किल्ली फिरवली आणि पायटा हातानं दाबला. दिवा लागला! मी गाडीला हात जोडले. यांना सांगितलं नाही. कुणाच्या ध्यानात येतं ते पाहू म्हटलं.

हातानं दाबून पायटा असा कितीसा खाली जाणार? हे मात्र त्या एकविशीतल्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे खामगावकडे निघाले. गावात हळू चालवताना काही कळलं नाही. पुढं रस्ता घाट उतरतो. वळणावर कडब्याची बैलगाडी आडवी आली, यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पायटा अर्ध्यावरच अडला. बैल वाचावेत म्हणून यांनी गाडी कडेच्या दगडांवर घातली.

जीव वाचला. उजवा गुडघा त्यानंतर कधी वाकला नाही.

मोडकी गाडी बैलगाडीत घालून आणली. दोन दिवसांनी मिस्त्री दारात आला. हातात कागदाची पुडी होती. "वहिनी, हे कोनं बांधलं मी इचारत नाही," तो म्हणाला. "स्प्रिंग लांबते, म्हनून पाय खाली जाते. सूत लांबत नाही." पुडी उंबऱ्यावर ठेवून गेला. मी ती कुंकवाच्या डब्याखाली दडवली.

घरात बायांची रीघ लागली. "तुया वडानंच वाचवलं वं त्याले," म्हणून माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या. सासूबाई तर येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, "आमची सून सावित्री हाये सावित्री!" मी मान खाली घालून बसायची. बायांना वाटे, किती लाजते पोरगी!

गाडी विकली, एका पायानं किक कोण मारणार? फिरतीचं काम गेलं. हे दवाखान्यात बसून औषधांच्या बाटल्या पुसू लागले. घरी आम्ही सगळे खाली पाटावर आणि हे भिंतीशी स्टुलावर, एक पाय लांब करून, ताट मांडीवर. यांना वाढायला मला उभं राहावं लागे. त्या वर्षभरात मी यांच्या तोंडाकडे पाहून वाढलं नाही.

पुढच्या वटपौर्णिमेला सासूबाईंनी ताट तयार केलं. मी तशीच बसून राहिले. "काऊन वं, जात नाही का?" यांनी विचारलं. मग मी डब्याखालची पुडी काढली, यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. माझा आवाज घरभर गेला असणार, कारण सासूबाई आतून आल्या आणि दारातच थांबल्या.

यांनी पुडी उघडली. सुतावर बोट फिरवलं. मेण अजून चिकट होतं.

"मले ठाऊक होतं वं. पडलो तवा हे डोयासमोरच लोंबत होतं. मेण लावेल सूत या घरात दुसरं कोन वापरते? जाय, उशीर होऊन राह्यला. अन् वडाले सांग, पुढच्या जल्मीबी हाच नवरा दे, पन मांडी घालून जेवता येईन असा दे."