अवसेची मिसिंग

निरवांगीच्या बिरदेवला कुणी चहा दिला तरी तो आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. हा स्वभाव वडिलांकडून आलेला. वडील मेंढरं राखायचे. आपलं मेंढरू परक्या कळपात जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर लाल ठिपका द्यायचे, आणि एवढं करूनही दिवस मावळला की मोजायचे. पुढं मेंढरं गेली. बिरदेव गावातले पेशंट बारामतीच्या दवाखान्यात नेऊ-आणू लागला, पण मनातली मोजदाद काही थांबली नाही.

गाडी घेतली ती पळसदेवच्या मेव्हण्याची, अजितची. आठ वर्षांची, पेट्रोलवरची. किल्ली देताना अजित एवढंच म्हणाला, "दाजी, इंजिनावर पाणी मारू नका. फडक्यानं पुसत जावा." बिरदेवनं मान हलवली, पण त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

महिना झाला नाही तोच गाडी मिसिंग मारायला लागली. चढाला झटके द्यायची, मध्येच दम सोडायची. गुडघे दाखवायला निघालेल्या शकुबाई म्हणाल्या, गाडीला उचकी लागली की रं. बिरदेव कानकोंडा झाला. मात्र भाडी उरकून आठवड्यानं बारामतीला नागेश मिस्त्रीकडं न्यावी तर तिथं ती शहाण्यासारखी चालायची. असं तीनदा झालं. नागेशनं मशीन लावून बघितलं, प्लग बदलले. हा माणूस पुढच्या खेपेला नवे प्लग काढून जुने घालेल, म्हणून बिरदेवनं चारही प्लगांवर लाल रंगाचे ठिपके दिले. नागेशनं ते बघितलं आणि बोनेट लावलं.

नागेशवरचा संशय ठिपक्यांवर भागला. अजितवरचा मात्र वाढत गेला. खोटी गाडी गळ्यात मारली, हे बिरदेवनं अर्ध्या गावाला सांगून टाकलं.

त्यात अजितला मुलगी झाली. बारशाला आत्या नको का? नाव तिनंच ठेवायचं. बिरदेवच्या बायकोनं, मनिषानं, भाचीसाठी हौसेनं कुंची शिवली, तिला गोंडे लावले. बिरदेव म्हणाला, "ज्यानं आपल्याला फसवलं त्याच्या दारात जायचं न्हाय." मनिषानं कुंची घडी करून पेटीत ठेवली. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलू लागली. अशीच एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडी दर बारीला अवसेनंतरच बिघडती. ध्यानात आलं का?"

बिरदेवनं दिवस मोजले. खरंच की! पण त्यातून त्यानं भलताच अर्थ काढला. अवस म्हणजे करणी. आता मेव्हणा या थराला गेला? दुसऱ्याच दिवशी त्यानं बारामती गाठली आणि नागेशला बाजूला घेऊन हे कानात सांगितलं.

नागेश हसला नाही. त्यानं विचारलं, अवसेला गाडीला काय काय करता? त्यात काय सांगायचं, बिरदेव म्हणाला, सगळे करतात तेच. गाडी धुवायची, बोनेट उघडायचं, भंडारा उधळायचा, नारळ फोडायचा. आणि हो, अजितनं नको म्हटल्यापासून तो रानातल्या मोटारीचा पाइप मुद्दाम इंजिनावर धरायचा. तेल गळत असणार, तेच मेव्हण्यानं झाकलं असणार, म्हणून इंजिन लख्ख धुऊन तो ओघळ शोधायचा. ओघळ काही सापडला नव्हता.

"उद्या अवस हाय," नागेश म्हणाला. "नेहमीसारखं करा. परवा सकाळी गाडी हाय तशी आणा. आठवडा घालवू नका."

परवा म्हणजे नेमका बारशाचा दिवस. गाडी उचक्या देत बारामतीला पोचली. नागेशनं वरची कॉइल काढली आणि प्लगाच्या खोल खोबणीत तारेला गुंडाळलेलं पांढरं फडकं घातलं. वर आलं ते ओलं आणि पिवळंधमक.

"ठिपका तुमचा, हळद बी तुमचीच," नागेश म्हणाला. "पाणी हितं साचतंय. आठवडाभरात इंजिनाच्या गरमीनं वाळतंय, आन् मग तुमी येता."

बिरदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नागेशनं खोबणी हवेनं कोरडी केली, गाडी सुरळीत झाली, पण बिरदेवला तिचा तो सुरळीत आवाज ऐकवेना. फडकं खिशात घालून तो घरी आला आणि मनिषाला म्हणाला, कुंची घे.

पळसदेवला अजित दारातच उभा होता. बिरदेवनं पाव्हण्यांसमोर फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

"गाडी चांगली हाय. पाणी मीच मारलं, दर अवसेला. तुझं तेल गळतंय का बघाया."

अजितनं फडक्याकडं बघितलं, मग बहिणीकडं बघितलं. म्हणाला, "आत चला. पाळणा थांबलाय."

मनिषानं भाचीला कुंची घातली आणि तिच्या कानात कुर्र केलं. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नाव ठेवलं स्वरूपा. सगळ्यांना आवडलं. बिरदेव मात्र मनिषाच्या शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "नाव ठरवलं हुतंस, तर मला का न्हाय सांगितलं?"

मनिषा पाळण्याची दोरी ओढत होती. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुमी त्यात बी कायतरी शोधलं असतं."

ते खरंच होतं. बिरदेवनं मान खाली घातली आणि दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं.