डोरीनच्या हातून

बेटावरच्या व्हेंटनरला जाताना डोरीनने सासूला मांडीवर घेतलं होतं. स्मशानातून मिळालेला, तिच्या राखेचा हिरवा, फिरकीच्या झाकणाचा डबा. त्याला तिने एडनाचं जांभळं स्वेटर गुंडाळलं होतं आणि वरून गाडीचा पट्टा लावला होता.

"डिकीत ठेव ना," क्लाइव्ह म्हणाला. "गाडी बोटीवर चढताना धक्का बसतो."

"डिकीत? तुझ्या आईला? चिखलाच्या बुटांशेजारी?"

हल्ली तो फार वाद घालत नसे. उलट या शनिवार-रविवारसाठी त्यानेच समुद्राकडची, सज्जाची खोली घेतली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने खोली निवडण्याची ही पहिलीच वेळ. आई गेल्यावर माणूस मऊ होतो, असं डोरीनने मनाशी ठरवून टाकलं.

स्विंडनच्या एका शाळेत ती दुपारचं जेवण वाढायची. मुलं तिला घाबरत नसत, पण तिच्यासमोर ताटात गाजरं टाकून उठतही नसत. मग एडना जिन्यावरून पडली, हळूहळू विसरायलाही लागली, आणि घरातल्या कुणीतरी नोकरी सोडणं भाग झालं. कुणी सोडायची, यावर कधी बोलणं झालंच नाही. एका सोमवारी डोरीन शाळेत गेली नाही, एवढंच. त्यानंतरची नऊ वर्षं भरवणं, पुसणं, रात्री उठून बसणं. क्लाइव्हची बहीण रोझलिंड कॅनडाहून दर नाताळला सुक्यामेव्याची मोठी टोपली पाठवायची. एडनाला तो चावता यायचा नाही.

"पोरीला माहीतच नाही मला दात राहिले नाहीत ते," एडना म्हणायची. "राहू दे. तू खा."

तिचं डोकं मधूनमधून लख्ख चालायचं. अशाच एका सकाळी, केस विंचरून घेताना, तिने आपली एकुलती एक इच्छा सांगितली. मुलगी असताना एका उन्हाळ्यात ती व्हेंटनरच्या किनाऱ्यावर भाड्याच्या आरामखुर्च्या मांडायची.

"तिथे धक्का आहे बघ लहानसा. ओहोटी लागली की त्याच्या टोकावरून सोड मला. तू सोड हं, डोर. क्लाइव्हच्या हातात देऊ नकोस, स्वतःच्या बुटांवर सांडेल मला. आणि चर्चमधली गाणी नकोत, आधीच सांगून ठेवते."

डोरीनने शब्द दिला. क्लाइव्ह चहाचा कप घेऊन दारात उभा होता. तो हसला होता.

एडना जानेवारीत गेली. मग थंडी होती, मग क्लाइव्हला काम होतं, मार्चमध्ये, ईस्टरच्या आधी रोझलिंड येऊन गेली. अखेर जून उजाडला.

शनिवारी न्याहारी झाल्यावर क्लाइव्ह गाडीला दुसरीकडे जागा मिळते का ते बघायला गेला. गावातले रस्ते इतके उभे, की गाडी लावायची म्हणजे अर्धी सकाळ जायची. डोरीन पिशवीत डबा घेऊन हळूहळू उतरून किनाऱ्यावर आली. पाणी नुकतंच मागे सरायला लागलं होतं. धक्क्याजवळ चहाची टपरी होती. मालकीण बेरिल म्हणून होती, गाल उन्हाने भाजलेले, तोंड सतत चालू.

"बस गं. दूध घालू ना? कुणाची वाट बघतेस?"

"नवऱ्याची. सासूला निरोप द्यायला आलोय," डोरीनने पिशवीवर हात ठेवला. "ती इथे खुर्च्या मांडायची. फार पूर्वी. एडना नाव."

बेरिलचा हात किटलीवरच थांबला.

"एडना? स्विंडनची?"

"तुम्ही ओळखत होता?"

"ओळख कसली. पण तिची मुलं आली होती की ईस्टरच्या आधी! कॅनडाची मुलगी, लांब कोट घातलेली. आणि तो उंचसा मुलगा. वारा असा होता की विचारू नकोस. तिने डबा पालथा केला आणि गाणं म्हटलं, चर्चमधलं. मी टपरीची फळी खाली ओढून उभी राहिले, अशा वेळी धंदा करणं बरं दिसत नाही ना. जाताना मलाही अंड्याची सँडविचेस दिली. पातळ काकडी घातलेली. फारच छान."

काकडी डोरीननेच चिरली होती. बोर्नमथला मावशीला भेटायला जातोय, असं सांगून दोघं भाऊ-बहीण सकाळी निघाली होती, आणि तिने दारात उभं राहून सँडविचेसचा डबा नि थर्मास गाडीत दिला होता. वर म्हणाली होती, मावशीलाही ठेवा दोन.

"सूनबाई नाही आली का, असं विचारलंत तुम्ही?"

"सून आहे असं कुणी बोललं नाही बाई. मुलगी म्हणाली, घरी सांभाळणारी एक बाई होती, तिला हे झेपायचं नाही म्हणून आणली नाही." बोलता बोलता बेरिलचा आवाज खाली आला. तिने डोरीनकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "अरे देवा."

"मी ती सून," डोरीन म्हणाली. "चहा चांगला झालाय."

ती बाकावर जाऊन बसली. स्वेटर सोडलं, झाकण फिरवलं. वडिलांची राख तिने पाहिली होती. ती पांढुरकी, खरखरीत, शिंपल्यांचा चुरा असावा तशी होती. ही करडी होती, मैद्यासारखी मऊ. बोट फिरवल्यावर आत एक काळा पडलेला खिळा लागला. मार्चमध्ये क्लाइव्हने मोडकं कुंपण शेगडीत जाळलं होतं.

क्लाइव्ह दोन आइस्क्रीम घेऊन आला. उघडा डबा दिसताच तो लांबच थांबला.

"डोर."

"मैद्याच्या चाळणीने चाळली असतीस तर खिळा तरी राहिला नसता."

"माझं ऐक. रोझ म्हणाली, आई आमची होती. चारच दिवस होते तिच्याकडे. मी म्हटलं निम्मी ठेवू, खरंच म्हटलं. तिने सगळा डबाच पालथा केला."

"तू काय करत होतास?"

"मी... तिचा कोट धरून उभा होतो. वारा होता."

"आणि घरी येऊन शेगडी उपसलीस."

"तुला एवढी आस होती. तुला काहीतरी हातात हवं म्हणून. तुला कळलं नसतं, डोर. तू सोडली असतीस, तुझ्या मनाला बरं वाटलं असतं. यात कुणाचं काय बिघडलं असतं?"

आइस्क्रीम त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खरंच उत्तराची वाट बघत होता, आणि हेच तिला सहन होईना.

"मी या डब्याशी बोलले, क्लाइव्ह. रोज सकाळी. तू शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचास."

तो बाकाजवळ आला. मग हळूच म्हणाला, "आता आलोच आहोत तर सोडून देऊ या का? ओहोटीही आहे."

डोरीनने झाकण घट्ट फिरवलं आणि डबा त्याच्यासमोर बाकावर ठेवला. स्वेटर घडी करून स्वतःच्या पिशवीत घातलं. ती धक्क्याच्या टोकापर्यंत एकटीच गेली. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते. बोलावं असं पुष्कळ ठरवून आली होती ती. एकही वाक्य आठवेना. उभी राहिली, आणि परत आली.

मुक्कामाच्या घरी मालकीण मिसेस टॉलर टेबलं पुसत होत्या.

"मला एक वेगळी खोली मिळेल का?"

"का हो, गादीला काही झालं का?"

"गादी उत्तम आहे."

मिसेस टॉलरनी तिच्या खांद्यावरून दारात उभ्या असलेल्या क्लाइव्हकडे एकदा बघितलं. त्याच्या काखेत डबा होता. "मागची लहान आहे एक. पण तिथून फक्त कचऱ्याचे डबे दिसतात."

"चालेल."

"डोर, अगं, समुद्राकडची मी मुद्दाम तुझ्यासाठी—"

"तू बघ समुद्र," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.